आमच्यात सगळे भाऊच

७ सप्टेंबर

मंडळात येऊ पाहणारे नवे उमेदवार आले. यंदा त्यांना वळण लावण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे मी उमेदवार-प्रमुख. दिसायला सगळे गरीब गायी आहेत. पहिल्या दिवशी सगळेच असतात.

मी त्यांना उभं करून सांगितलं, "आपलं हे सेवा-बंधुमंडळ. इथे मुलगा असो, मुलगी असो, आत आला की भाऊ. मी पेट्राकभाऊ. तो ट्रॉयभाऊ. अर्ध्या मुली आहोत, पण बहीण इथे कुणी नाही." एक मुलगी खुदकन हसली. मी तिच्याकडे बघितलं आणि तिचं हसू जिथल्या तिथे वाळलं. हे मला छान जमतं.

बाबा याच कॉलेजचे, याच मंडळाचे जुने भाऊ. त्यांच्या पहिल्या वर्षांत इथे फक्त मुलगे असायचे. मला आत घेतलं त्या दिवशी त्यांनी मला मिठी न मारता हात मिळवला. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेला नाही.

सभा संपल्यावर आमचा अध्यक्ष ग्रँट व्हेलन माझ्याजवळ आला. म्हणाला, "नोव्हेंबरात माझ्या खुर्चीत कोण बसणार असं कुणी विचारलं ना पेट्राकभाऊ, तर मला एकच नाव दिसतं." माझे कान गरम झाले. मग तो म्हणाला, "जरा कॉफीचं बघतेस का? ट्रॉयला करू दिली तर चिखल पाजेल." ट्रॉयच्या हातची कॉफी खरंच वाईट असते. मी सगळ्यांसाठी केली.

मला अध्यक्ष व्हायचंय. इथे लिहायला काय हरकत आहे? मला ते फार म्हणजे फार हवंय.

१५ सप्टेंबर

प्रत्येक उमेदवाराला एक थोरला भाऊ वाटून देतात. माझ्या वाट्याला आलेला धाकटा म्हणजे मारिट नायगार्ड. उत्तरेकडच्या गोठेवाल्यांची मुलगी, उंच, रुंद, हाताची बोटं कामाने सोललेली. गावातल्या धान्यवाटप केंद्रात आम्ही शनिवारी काम करतो. तिथे ट्रॉय बटाट्याचं एक पोतं ओढत ओढत नेत होता, ही दोन खांद्यांवर दोन घेऊन त्याच्या पुढून गेली. ट्रॉयचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मला ती आवडली. माझ्या विनोदांवर ती हसते, फक्त जरा उशिरा. रोज दुपारी माझ्याच टेबलावर येऊन बसते. कॉलेजात दुसरं कुणी तिच्या ओळखीचं नाही.

एकच गोष्ट खटकते. ती कुणालाच भाऊ म्हणून हाक मारत नाही. "ट्रॉय, सरक." "ग्रँट, किल्ली दे." लोणी मागावं तसं. शिकेल.

२९ सप्टेंबर

शिकायची नाही. आज जेवताना काटा खाली ठेवून म्हणाली, "लोर्ना, ते भाऊ म्हणायचं मला जमणार नाही. म्हणायचंही नाही आणि म्हणवूनही घ्यायचं नाही. सदस्य म्हणा, नुसतं नाव घ्या. काम तेवढंच करेन."

मी म्हटलं, "अगं, शब्द आहे नुसता."

"शब्दच आहे, तर मग बदला ना."

"शंभर वर्षांचा आहे तो. आम्ही सगळ्या मुली म्हणतो. कुणाचं काही अडलंय का?"

त्यावर तिने एक लांबलचक गोष्ट सांगितली. त्या चार बहिणी. बापाला मुलगा हवा होता. मोठी म्हणून बापाने हिलाच पोरगा केलं. ट्रॅक्टरवर शेजारी बसवायचा, बाजारात 'हा माझा पोरगा' म्हणून सांगायचा, हिला आभाळ ठेंगणं व्हायचं. मग हिचा एक चुलतभाऊ राहायला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सीटवर तो बसला. "मला एकदा पोरगा करून झालंय, लोर्ना. खराखुरा आला की खाली उतरायला लागतं."

आता या गोठ्यातल्या भानगडीचा आमच्या मंडळाशी काय संबंध? शेतकऱ्यांच्या पोरी प्रत्येक गोष्ट ट्रॅक्टरवर नेऊन ठेवतात. मी तसं म्हणाले. ती हसली, या वेळी लगेच, आणि म्हणाली, "बरं, पण पुढच्या सभेत मी हे मांडणार."

२ ऑक्टोबर

ग्रँटला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "ख्रिसमसला जुने भाऊ जमतात. तळ्याकाठचं घर त्यांनी आपल्याला वापरायला दिलंय. त्यांच्या कानावर हे गेलं तर काय होईल?"

"मग तू तिला सांग."

"मी?" तो हसला. "अगं, मी बोललो तर मुलीवर दादागिरी केली म्हणतील. तू बोललीस तर ती परंपरा होते. तू उमेदवार-प्रमुख. कसं करायचं ते तू ठरव. मी तुला काही सांगितलेलं नाही हं." मग दाराशी थांबून म्हणाला, "आणि ज्याला एक उमेदवार सांभाळता येत नाही, त्याला सगळं मंडळ कसं सांभाळता येईल, असं कुणीतरी म्हणेल. मी नाही म्हणणार."

माझ्यावर केवढा विश्वास आहे त्याचा.

५ ऑक्टोबर

तोड सापडली. बाबांना फोन केला होता, सहज विचारलं, तुमच्या वेळी कुणी भाऊ म्हणायला विसरला तर काय करायचे? ते हसायलाच लागले. एकजण विसरला होता, तर सगळे अर्धा दिवस त्याच्यासमोर बहिरे झाले होते म्हणे. बिचारा रडकुंडीला आला.

मी अर्ध्या दिवसाचं 'म्हणेपर्यंत' केलं. आज सभेत जाहीर केलं की ही आपली जुनी चाल आहे, मध्यंतरी मागे पडली होती. उमेदवार जोवर भाऊ म्हणून हाक मारत नाही, तोवर भावांना त्याचं ऐकू येत नाही. नियम सगळ्या उमेदवारांना सारखा आहे. बाकीच्यांनी लगेच "हो भाऊ" म्हणून टाकलं.

मारिटने हात वर केला आणि आपलं म्हणणं मांडायला लागली. ग्रँट म्हणाला, "आणखी कुणाला काही बोलायचंय? नाही? मग सभा संपली." सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या. ती बोलतच होती.

१२ ऑक्टोबर

काय मजा आली आज! मंडळाच्या जेवणात मारिटने मीठ मागितलं. मीठ माझ्यासमोर. मी ते उचलून माझ्याच ताटलीत घातलं. तिने पुन्हा मागितलं. ट्रॉय मला म्हणाला, "वारा सुटलाय का गं बाहेर? काहीतरी घोंगावतंय." सगळं टेबल खो खो हसलं. बहिरेपणात ट्रॉयचा हात कुणी धरणार नाही. वर्गात तीन वर्षं तोच अभ्यास केलाय त्याने.

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, मीठ घेतलं आणि जागेवर जाऊन जेवली. ते जेवण तिनेच रांधलं होतं. चांगलं झालं होतं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. हिचं नाक कशाचं केलंय कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

धान्यकेंद्रातून परत येताना सगळ्या गाड्या भरल्या. मारिट मागे भांडी घासत होती. तिने ओरडून विचारलं, "मी कुणाच्या गाडीत?" कुणालाच ऐकू आलं नाही. आम्ही निघालो. गारठा होता आणि वाटेत बर्फाळ पाऊस लागला.

तिन्हीसांजेला ती माझ्या खोलीत आली, केसांतून पाणी निथळतंय, ओठ निळे. केंद्राची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "लोर्ना, मागचं दार मी लावलंय." मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. ती उभीच. मग म्हणाली, "इथे तर कुणी नाही. तू एकटी असताना तरी बोल." मी गाणं मोठं केलं.

ती गेल्यावर फरशीवर तिच्या बुटांचं पाणी साचलं होतं ते पुसलं. वाईट वाटलं, वाटलं नाही असं कसं लिहू? दुपारी जेवताना हल्ली मी एकटीच असते आणि विनोद सुचला तरी सांगायला कुणी नसतं. पण एकदा सूट दिली की झालं. आई नेहमी माझ्यासाठी बाबांना गुपचूप सूट मागायची आणि बाबा तिच्याकडे कसे बघायचे ते मला माहीत आहे. माझ्याकडे कुणी तसं बघायला नको.

एक शब्द. एवढा एक शब्द म्हणायला काय जातं तिचं?

२६ ऑक्टोबर

ती येणं सोडत नाही, हा खरा त्रास आहे. रडली असती, भांडली असती, निघून गेली असती तर सुटलो असतो. ती येते, काम करते आणि सगळ्यांना हवं ते सांगतही राहते. "दूध नासलंय." "शिडीचा पाय हललाय." जसं काही आपल्याला उत्तर मिळतंय.

आता आम्हाला सवयच झाली आहे. सुरुवातीला ऐकू येऊन न आल्यासारखं करावं लागायचं, आता तिचा आवाज खरंच डोक्यावरून जातो. आज ती म्हणाली असणार की पिठाचं पोतं खालून फाटलंय, कारण दोन उमेदवारांनी ते उचललं आणि सगळं पीठ त्यांच्या पायांवर. भुतं झाली दोघांची! आम्ही हसून हसून बेजार. मारिटने झाडू घेतला.

ग्रँट माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "फौज तयार केलीस, पेट्राकभाऊ."

२ नोव्हेंबर

आज सरपणाचा शनिवार होता. मारिटला अपघात झाला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मला काही झालेलं नाही.

३ नोव्हेंबर

काल जास्त लिहिता आलं नाही. आज लिहून काढते, डोक्यात नुसतं फिरतंय.

हिवाळ्याआधी आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना लाकडं फोडून, रचून देतो. काल चढावर राहणाऱ्या लुंडआजींकडे होतो. लाकडांनी भरलेली ट्रॉली वर अंगणात उभी. मी उताराच्या खालच्या टोकाला, पाठ चढाकडे करून, भिंतीशी रास लावत होते. ट्रॉयने ट्रॉली गाडीपासून सोडवली आणि चाकांना अटकण लावायचं राहिलं. किंवा लावलं होतं आणि निसटलं. ट्रॉय म्हणतो, लावलं होतं.

मारिट ओरडली. काहीतरी ओरडली. ती पुन्हा ओरडली. माझ्या मनात आलं, आज आवाज वेगळा आहे, आज म्हणते बहुतेक. मी हातातलं लाकूड तसंच धरून थांबले. मागे बघायचं नाही, एवढंच डोक्यात. आता म्हणेल, आता म्हणेल. अंगणात सगळे होते. कुणीच हललं नाही, इतकी शिस्त.

मग एक घाणेरडा आवाज झाला. मी वळले तेव्हा ट्रॉली माझ्या मागे हातभर अंतरावर उभी होती, आणि चाकाखाली एक ओंडका होता, आणि ओंडक्यावर मारिटचा हात. ती चढावरून ओंडका घेऊन ट्रॉलीबरोबर पळत आली होती. ती तेव्हा ओरडत नव्हती. हाताकडे नुसती बघत होती, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. लुंडआजी दारात येऊन किंचाळल्या, तेव्हा सगळे धावले. आजींचं लगेच ऐकू आलं.

संध्याकाळी ग्रँटने सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "कॉलेज विचारणार. आपल्याला काय ऐकू आलं?" ट्रॉय बुटांवरचा भुसा झाडायला लागला. "मी विचारतोय, कुणाला काही ऐकू आलं का?"

"नाही," ट्रॉय म्हणाला. मग एकेकाने नाही म्हटलं. मीही म्हटलं. तसं पाहिलं तर ते खोटंही नाही. नियमच तो होता.

इस्पितळात जायला हवं. उद्या चाचणी परीक्षा आहे.

६ नोव्हेंबर

मी अध्यक्ष!

ग्रँटने निवडणूक तीन आठवडे आधी घेतली. म्हणाला, "या प्रसंगाला नवं, ताज्या दमाचं नेतृत्व हवं. मी थकलोय, माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे." माझं नाव त्याने सुचवलं, ट्रॉयने लगेच पाठिंबा दिला. ट्रॉयला स्वतःला उभं राहायचं होतं असं मी ऐकलं होतं, पण तो म्हणाला, "छे, पेट्राकभाऊच योग्य." एकही मत विरोधात नाही! मंडळात असं कधी झालं नव्हतं. कुणी नजरेला नजर देत नव्हतं, सगळे इतके हेलावले होते.

ग्रँटने मला आपल्या खुर्चीत बसवलं. "आता मंडळाच्या वतीने जे काही बोलायचं ते तूच. डीन मॅडमसमोरही तूच."

बाबांना फोन केला. त्यांनी आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "बरं. उपाध्यक्ष कोण झालं?" ट्रॉय, म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले. त्यांना भावना दाखवता येत नाहीत.

खुर्चीचा डावा हात जरा डगमगतो. मी आज त्यावर हात ठेवून तासभर एकटी बसले होते.

१३ नोव्हेंबर

मारिटचे वडील तिचं सामान न्यायला आले. दुधाच्या वासाचा जुना ट्रक. मी वसतिगृहाच्या जिन्यात भेटले, टाळता आलं नाही. टोपी काढून म्हणाले, "तू ती लोर्ना का गं?"

"हो."

"ती घरी सारखं तुझं सांगायची. म्हणायची, तिथे मला एक मैत्रीण मिळाली आहे." त्यांचे डोळे तिच्यासारखेच, एकटक बघणारे. "तुला कुठे लागलं नाही ना, बाळ?"

"मला? मला कशाला लागेल?"

ते बघतच राहिले. मग टोपी घातली आणि "बरं बरं" म्हणत तिची गादी खांद्यावर घेऊन खाली गेले. मला मदतीला हात लावायला हवा होता. पण मी अध्यक्ष आहे, त्याचा उद्या कुणी काय अर्थ काढेल कोण जाणे.

बाजारात म्हणे ते हिला पोरगा म्हणायचे. आज 'माझी मारिट', 'माझी मारिट' चाललं होतं.

२० नोव्हेंबर

आज डीन मॅडमसमोर चौकशी झाली. मी निळा कोट घातला, मंडळाची पिन लावली. मला वाटलं होतं मी बोलणार आणि बाकीचे माझ्या पाठीशी बसणार. मॅडमनी प्रत्येकाला वेगळं काही सांगायचंय का असं विचारलं आणि ग्रँटने हात वर केला.

टाय लावून आला होता. आवाज साखरेत घोळलेला. "मॅडम, आम्हा मुलांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्या दोघींचं आपसात काहीतरी बिनसलं होतं. मुलींचं असतं ना तसं. एकमेकींशी न बोलणं वगैरे. आम्ही मध्ये पडलो नाही, हीच आमची चूक."

'त्या दोघी' म्हणजे कोण हे मला क्षणभर कळलंच नाही. मी चक्क आजूबाजूला बघितलं.

मॅडमनी विचारलं, "न ऐकण्याचा नियम मंडळाचा नव्हता?"

"नाही मॅडम. मिस पेट्राक यांचा."

मिस पेट्राक. ट्रॉय खाली बघून मान हलवत होता, दुखवट्याला आल्यासारखा. मंडळातल्या इतर मुलींनी मिठाची गुळणी धरली होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही धरली असती.

मग मारिट. हाताला पांढरं बांधलेलं, ते मांडीवर ठेवून बसली होती. "मी ओरडले," ती म्हणाली.

"काय ओरडलात?"

"लोर्ना. लोर्ना, बाजूला हो. लोर्ना, मागे बघ. मी तेच ओरडत होते."

"ते ऐकू जाण्यासारखं होतं?"

मारिटने विचार केला. "रस्त्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली होती," ती म्हणाली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मिस पेट्राक, तुम्हाला तुमचं नाव ऐकू आलं?"

मी ग्रँटकडे बघितलं. मला वाटलं तो काहीतरी खूण करेल. सगळं ठरवून चाललंय, मला कोपऱ्यात ढकललं तर तेही मंडळाला वाचवायलाच असणार, नंतर सांगेल. तो फोनवर काहीतरी वाचत होता. मी अजून अध्यक्ष होते. सगळ्यांनी जे ठरवलं होतं ते निदान मी तरी पाळायला हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मारिट मागून आली. आम्ही दोघीच होतो. हळू आवाजात म्हणाली, "तुझी मान हलली होती, लोर्ना. पहिल्याच हाकेला. मी वरून बघितलं."

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं. तिथे कुणीसुद्धा नव्हतं ऐकायला.

२७ नोव्हेंबर

निकाल लागला. मला मंडळातून काढलं आणि या वर्षापुरतं कॉलेजातूनही. मंडळ चालू राहणार. ट्रॉय अध्यक्ष.

ग्रँटने ठराव मांडला की यापुढे कुणालाच भाऊ म्हणायची सक्ती नको, सगळे सदस्य. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. कॉलेजच्या वार्तापत्रात त्याचा फोटो आलाय, खाली लिहिलंय, 'बदलाची हिंमत दाखवणारे तरुण.' फोटोत मारिटला उभं करायचं होतं म्हणे, तिने येत नाही म्हणून कळवलं.

पिन परत द्यायला मंडळाच्या खोलीत गेले. ट्रॉय माझ्या खुर्चीत बसला होता. "ठेव तिथे," म्हणाला. मला वाटलं पुढे काहीतरी म्हणेल, एक हाक तरी मारेल. मी जरा वेळ थांबले.

१४ डिसेंबर

घरी आहे. आई माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलते. बाबा दोन आठवडे या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. आज सकाळी गॅरेजबाहेर गाडीवरचा बर्फ काढताना बोलले.

"आम्ही मुलींना आत घ्यायचं की नाही यावर मत दिलं होतं, तेव्हा मी विरोधात दिलं होतं. तुला कधी सांगितलं नाही."

"का दिलं होतं विरोधात?"

"काय होणार ते दिसतच होतं." खरवडणी आपटून बर्फ झाडला. रागाने नाही, हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "तो ग्रँट मात्र चांगला निघाला. नीट सांभाळून नेलं त्याने. आज भेटेलच."

"आज?"

"तळ्याकाठी जेवण आहे ना आमचं, ख्रिसमसचं. त्यालाही बोलावलंय."

मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "बाबा, मी येऊ? मला तिथे सगळ्यांना सांगायचंय नक्की काय झालं ते. ग्रँटने काय सांगितलं होतं ते. तुम्ही बरोबर असलात तर ते ऐकतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हात मिळवला होता तेव्हा बघितलं होतं तसं नाही. आईकडे बघायचे तसं. आवाज मात्र मऊ होता, मला आठवतंय त्यापेक्षाही मऊ.

"अगं वेडाबाई," ते म्हणाले, "तिथे फक्त भाऊ असतात."

मग विचारलं, त्यांचा निळा कोट कुठे आहे. कपाटात तळाला सापडला, चुरगळलेला. पाचला निघायचं होतं त्यांना. मी इस्त्री तापत ठेवली आणि आधी कॉलर केली, मग बाह्या.